पाच दिवस डॉक्टरचे, पाच दिवस देवीचे

शेतात पडून उन्हाने तडकलेली ठिबकची नळी हातात घेतली, की ती किती वर्षं वापरली आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. माझा धंदाच तो. केळीच्या शेतांतून जुन्या नळ्या उचलायच्या, धुवायच्या, कापायच्या आणि प्लास्टिकचा दाणा करणाऱ्या कारखान्यांना द्यायच्या. नवी नळी गुळगुळीत असते. जुनी झाली की बोटाला बारीक खरखर लागते आणि त्या खरखरीवरून मी भाव पाडतो. वीस वर्षांत हात फारसा चुकलेला नाही.

म्हणून त्या सकाळी तापलेल्या लेकीचं अंग ओल्या फडक्याने पुसताना तिच्या पोटाला हात लागला आणि मी थबकलो. सात वर्षांच्या पोरीचं पोट खरखरीत लागत होतं. दिसायला नुसती लाली होती, उन्हात फिरून आल्यासारखी. पण हाताला ती बारीक पॉलिशपेपरसारखी लागत होती. काखेत आणि मानेवर जास्त. मी पुन्हा पुन्हा हात फिरवला.

ताप दोन दिवसांपासून होता. घसा दुखतो म्हणत होती, एकदा उलटीही झाली होती. संक्रांत नुकतीच झाली होती आणि बोरं खाऊन घसा धरला असेल, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मेडिकलमधून तापाचं औषध आणून मी कामाला निघून गेलो होतो. आता तिला तोंड उघडायला सांगितलं, तर जिभेवर पांढरा थर आणि त्यातून लाल ठिपके वर आलेले. गाल लालबुंद, पण ओठांभोवती मात्र कोणीतरी खडूने गोल काढावा तशी पांढरी जागा.

माझी आई तेव्हा आमच्याकडे जळगावला होती. एरवी ती धुळ्याजवळच्या आमच्या गावी राहते, थंडीत दोन महिने येते. तिने दारातूनच नातीकडे पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"देवी येल शे," ती म्हणाली.

"माय, आता देवी-बिवी काही येत नाही."

"तुले काय माहीत? आंगवर फुलं उठेल शेतस. आते घरमा फोडणी नई, केस इंचरनं नई. आनि डाक्टर तर नईच."

माझं तोंड तिथेच बंद झालं. त्याचं कारण बायकोला माहीत नव्हतं, मला होतं. मला एक धाकटी बहीण होती. मी सहा वर्षांचा असताना तिच्या अंगावर असंच काहीतरी उठलं. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून वडील तिला बैलगाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला काय झालं होतं ते आज कुणालाच सांगता येणार नाही. पण आईच्या डोक्यात तेव्हापासून एकच पक्कं बसलं आहे, की घरात देवी असताना सुई टोचली म्हणून पोर गेली. मी ते मानत नाही. पण त्या गाडीतलं लाल पडलेलं तोंड मी पाहिलं होतं, आणि ते त्या सकाळी माझ्यासमोर होतं.

बायको उठली. शाल घेतली, पोरीला गुंडाळलं आणि म्हणाली, "गाडी काढा."

आई दारात आडवी उभी राहिली. मी तिला बाजूला केलं. ढकललं नाही, पण हळुवारपणेही केलं नाही.

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी बॅटरीने घसा पाहिला, जीभ पाहिली, पोटावर हात फिरवला. मग कातडीवर बोट दाबून उचललं. तेवढी जागा क्षणभर पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली. कोपराच्या आतल्या घडीत लालीची एक गडद रेघ होती, ती त्यांनी आम्हाला दाखवली.

"स्कार्लेट फीवर," त्या म्हणाल्या. "लाल ताप म्हणा हवं तर."

"गोवर नाही ना?"

"नाही. आणि देवीही नाही." आईने खोचलेला कडुलिंबाचा एक डहाळा शालीत अडकून आला होता, त्याकडे बघून त्या बोलल्या असाव्यात. "घशात जंतू असतात. त्यांचं विष रक्तात जातं आणि अंगावर हे असं उठतं. दुखणं घशाचं आहे, कातडीचं नाही. लाली आपोआप जाईल, पण जंतू मारावे लागतील."

त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. औषधाची पूड होती, बाटलीत पाणी घालून हलवायची. बाटल्या दोन. पहिली संपली की दुसरी कालवायची.

"दहा दिवस," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी ही घरात उड्या मारायला लागेल. तुम्हाला वाटेल झाली बरी. तरी दहा दिवस."

"पाचात नाही भागत?" मी विचारलं. विचारायचं म्हणून नाही, सवयीने. मला कुणी आकडा सांगितला की तोंडातून त्याचा अर्धा आधी निघतो.

"नाही."

"मग सात?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, हा भाजीबाजार नाही. दहा दिवस दिले नाहीत, तर पुढे पोरीच्या हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. कधी कधी किडनीलाही त्रास होतो, दोन-तीन आठवड्यांनी. लघवीचा रंग बदलला, तोंड सुजलं, सांधे दुखायला लागले तर लगेच आणायचं."

भाजीबाजार हा शब्द मला लागला. बाहेर आल्यावर मी बायकोला म्हणालो, "डॉक्टरीण आहे म्हणून कुणाला काहीही बोलायचं का?" बायको औषधाच्या दुकानाकडे चालू लागली होती. हृदयाच्या झडपा हे शब्द तिने ऐकले होते. मीही ऐकले होते, पण माझ्या कानात भाजीबाजारच घुमत होता. राग आला की मला बाकीचं ऐकू येत नाही, हा माझा जुना दोष.

घरी आईने दाराला कडुलिंब बांधला होता आणि स्वयंपाकघरात बिनफोडणीचं वरण ठेवलं होतं. बायकोने औषध कालवून पोरीला पाजलं, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हातारीचं वय सत्तरच्या पुढे, साखरेचा त्रास. आता घरात दोघी आजारी होत्या.

तिसऱ्या दिवशी मी तेच केलं, जे वीस वर्षं करत आलो आहे. माझ्या धंद्यात शेतकरी वरचा आकडा सांगतो, मी खालचा सांगतो आणि शेवटी दोघं मध्यावर येतो. दोघंही कुरकुरत घरी जातात, पण जातात. मी आईच्या शेजारी बसलो.

"माय, पाच दिन डाक्टरना," मी म्हणालो, "आनि पाच दिन तुनी देवीना. पाच दिवसांनी औषध बंद. मग तू तुझं सगळं कर, देवीला नैवेद्याची वाटी लाव. पण आज जेव."

आईने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. "पाच म्हंजे पाचच?"

"पाचच."

ती जेवली. मला फार बरं वाटलं. दोन्ही बाजूंना राजी करून मी काहीतरी मोठं जमवलं, असंच मला वाटलं होतं. ते आज लिहायलाही हात धजत नाही.

पाचव्या दिवशी खरंच लाली गेली होती. ताप नव्हता. पोर पलंगावरून खाली उड्या मारत होती. आईने कडुलिंबाच्या पाण्याने तिला अंघोळ घातली, दहीभात केला, देवीला वाटी लावली. आमच्या गावची रीत अशी, की देवीची पाठवणी झाल्यावर घरात औषध चालू ठेवायचं नाही. ठेवलं तर तिच्यावर विश्वास नव्हता असं होतं, आणि ती उंबऱ्यावरून परत फिरते.

संध्याकाळी बायकोने औषधाची बाटली काढली. मी म्हणालो, "राहू दे आता."

"दहा दिवस सांगितलेत."

"बघ तिच्याकडे. आजारी दिसते का?"

बायकोने बाटली खाली ठेवली. तिने फोन लावला आणि मला ऐकू जावा म्हणून मुद्दाम स्पीकरवर टाकला. फोन तिच्या भावाला होता.

हा माझा मेहुणा वरणगावला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. रक्त-लघवी तपासतो. शिकलेला आहे, सावकाश बोलतो. पाच वर्षांपूर्वी मी जळगावात स्वतःचं घर बांधलं आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. तेव्हा त्याच्या एका मित्राने मी काय करतो म्हणून विचारलं, आणि हा हसत म्हणाला, "दाजी भंगारात आहेत." चार लोक हसले. सायकलवर पोती बांधून मी सुरुवात केली होती. आज माझ्याकडे दोन गाड्या आणि नऊ माणसं कामाला आहेत. माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या पंगतीत, माझ्या आयुष्याचा त्याने एका शब्दात निकाल लावला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नव्हतो. आला तर बस म्हणायचो, चहा सांगायचो आणि अंगणात जाऊन उभा राहायचो.

फोनवर तो म्हणाला, "ताई, दहा म्हणजे दहा. लाली जाणं म्हणजे जंतू जाणं नव्हे. आणि दाजींना सांग, हा सौदा नाहीये."

बस्स. तो शब्द त्याने दुसरा कुठला वापरला असता, तर कदाचित मी ऐकलं असतं. हे मी अनेकदा स्वतःला सांगतो. खरं असेलच असं नाही.

मी उठून फोन बंद केला. "पाच झाले," मी म्हणालो. "या घरात काय द्यायचं ते मी ठरवणार." दुसरी बाटली न कालवता तशीच फडताळात गेली, तळाला पूड असलेली.

पुढचा आठवडा बरा गेला. पोर शाळेत जाऊ लागली. एक दिवस तिच्या बोटांच्या टोकांची कातडी निघायला लागली, नखांजवळून पापुद्रे सुटत होते. ती त्याचा खेळ करत होती, ओढून टेबलावर रांग मांडत होती. बायको घाबरली. डॉक्टरांना फोन केला तर या तापानंतर असं होतं म्हणाल्या. दहा दिवस पूर्ण केलेत ना, असंही त्यांनी विचारलं असावं, कारण बायको फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिली आणि मग "हो" म्हणाली. तेव्हा तिने माझी लाज राखली. तेवढी एक संधी आमच्या हातात आली होती आणि ती आम्ही दोघांनी मिळून घालवली.

त्यानंतर काही दिवसांनी मी रावेरकडे एका शेतावर होतो. शेतकरी तापट होता, मीही तापट, सौदा ऐन रंगात आला होता. नळ्यांच्या ढिगावर उभं राहून आम्ही एकमेकांना खोटं ठरवत होतो. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"लेक म्हणते शू चहासारखी झाली."

"कसली?"

"चहासारखी. बिनदुधाच्या. मी पाहिली. आणि डोळे उघडत नाहीत तिचे, एवढे सुजलेत. आईंनी सकाळीच सांगितलं होतं, पोरना डोया सुजेल शेतस म्हणून. मला वाटलं झोपेमुळे असेल."

बाजूला शेतकरी म्हणत होता, "काय हो शेठ, पळता का?" मी ढिगावरून उतरलो. गाडीत बसलो.

रावेर ते जळगाव हा रस्ता मी हजार वेळा केला असेल. त्या दिवशी सावद्याला केळीच्या ट्रका रस्त्यात आडव्या लागल्या होत्या आणि मी स्टिअरिंग धरून नुसता बसून होतो. कुणावर ओरडलो नाही, हॉर्न वाजवला नाही. एरवी मी खाली उतरून ड्रायव्हरची कॉलर धरली असती. डॉक्टरांचं सगळं बोलणं, जे रागामुळे ऐकलं नाही असं मी समजत होतो, ते एकेक शब्दाने परत येत होतं. किडनी. दोन-तीन आठवड्यांनी. लघवीचा रंग. मी मोजलं. ताप आला त्या दिवसापासून अठरा दिवस झाले होते.

पोहोचलो तेव्हा बायको, आई आणि लेक दवाखान्यातच होत्या. लेकीचं तोंड ओळखू येत नव्हतं. पापण्या फुगून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. ती म्हणाली, "पप्पा, माझं डोकं खूप दुखतं."

डॉक्टरीणबाईंनी दंडाला छोटा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. एकदा मोजला, पुन्हा मोजला. सात वर्षांच्या मुलीला रक्तदाब असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"ॲडमिट करावं लागेल," त्या म्हणाल्या. "किडनीला सूज आहे. रक्तदाब वाढलाय, तो आधी खाली आणायचा. फार वाढला तर झटके येऊ शकतात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दहा दिवस औषध पूर्ण झालं होतं?"

बायको खाली बघत होती. मी म्हणालो, "आईने बंद केलं. जुनी माणसं आहेत. देवीचं केलं तिने."

आई माझ्या मागेच उभी होती, पाण्याची बाटली हातात घेऊन. मला ते माहीत होतं. मी मागे वळलो नाही. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं आणि लिहायला लागल्या. त्यांच्या त्या बघण्यात जे होतं, ते माझ्या वाट्याचं होतं.

आठ दिवस आम्ही तिथे होतो. पोरीला रोज सकाळी वजनकाट्यावर उभं करायचे. लघवी खुणा केलेल्या भांड्यात धरायची, किती झाली ते नर्सबाई लिहून घ्यायच्या. पाणी मोजून, मीठ बंद. तिला पापड हवा होता. बिनमिठाची भाजी तोंडात धरून ती माझ्याकडे बघायची आणि गिळायची नाही. पाणी मागायची तेव्हा मी चमच्याने द्यायचो. ती म्हणायची, "आणखी." मी म्हणायचो, "आता नाही." मग ती रडायची नाही, नुसती बाटलीकडे बघत राहायची. तहानलेल्या पोराला पाणी नाही म्हणणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

भांड्यातल्या रंगावर माझा जीव टांगलेला असे. मी भांडं खिडकीशी उजेडात धरून बघायचो. काल होता त्यापेक्षा फिकट आहे की नाही ते ठरत नव्हतं. मला माल पारखता येतो म्हणतात. मला ते भांडं पारखता येईना.

मेहुणा पहिल्याच दिवशी वरणगावहून आला. मी तयारीत होतो. त्याने "सांगितलं होतं ना" म्हटलं असतं, तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं, इतकी माझी तयारी होती. त्याने म्हटलं नाही. रिपोर्ट मागितले, एकेक पान वाचलं.

"दाजी, रक्त येतंय लघवीतून, प्रोटीनही जातंय. क्रिएटिनिन थोडं वाढलंय. हा आकडा. हा उद्या किती येतो ते बघायचं."

"किती यायला पाहिजे?"

"कमी."

"आणि जास्त आला तर?"

त्याने रिपोर्टची पानं एकावर एक नीट लावली. मग म्हणाला, "तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. पण मुलांमध्ये हे बहुतेक वेळा उतरतं."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे बहुतेक, दाजी. मी खोटं सांगू का तुम्हाला?"

तो दोन दिवस तिथे राहिला. माझ्यासाठी जेवणाचा डबा आणायचा आणि स्वतः बाकावर बसून खायचा. त्याच्यावरचा माझा राग गेला नाही. आजही गेलेला नाही. वास्तुशांतीच्या दिवशीचा तो शब्द त्याने परत घेतलेला नाही आणि मी तो विसरलेलो नाही. पण त्या दोन दिवसांत तो बाजूला उभा नसता तर मी ते कागद हातात धरून काय केलं असतं, हेही मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी होती. झडपा बघायच्या होत्या. दाराबाहेर मी आणि बायको उभे होतो. ती माझ्याशी तीन दिवस गरजेपुरतंच बोलत होती. आता ती हळू आवाजात म्हणाली, "झडप खराब निघाली, तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. आणि स्वतःलाही नाही. हो म्हणाले होते मी फोनवर." आतून लेकीच्या हसण्याचा आवाज आला. पोटावर, छातीवर थंडगार काहीतरी लावलं म्हणून तिला गुदगुल्या होत होत्या.

झडपा चांगल्या निघाल्या. आकडा पाचव्या दिवशी खाली आला. रक्तदाब उतरला. भांड्यातला रंग काळ्या चहाचा होता, तो ताकात हळद घातल्यासारखा झाला, मग साधा. घरी सोडलं, पण घशात जंतू उरले असतील म्हणून पुन्हा पूर्ण दहा दिवसांचं औषध दिलं. या वेळी डोस बायको देत होती. मी दारात उभा राहून मोजत होतो.

आई तोवर गावी निघून गेली होती. दवाखान्यातून परस्पर धुळ्याची एसटी पकडली. माझा निरोप घेतला नाही. गावात फोन केला तर शेजारीण उचलायची आणि "अक्का वावरमा गयी" असं सांगायची. महिनाभर असं चाललं. नातेवाइकांत एव्हाना सगळीकडे झालं होतं, की म्हातारीने देवीच्या नादी लागून पोरीचं औषध तोडलं. हे मी कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पण कुणी म्हणालं तर खोडलंही नव्हतं.

एका महिन्याने पुन्हा तपासणी होती. तारीख मी शेजारणीला सांगून ठेवली होती. त्या सकाळी आई एकटी धुळ्याहून येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेली दिसली. आमच्याबरोबर आत आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. प्रोटीन गेलं होतं. रक्ताच्या पेशी अजून होत्या, थोड्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या.

"हे काही महिने राहू शकतं," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला तपासत राहू."

आईने खुर्चीवर न बसता विचारलं, "बाई, मन्हामुये व्हयनं का हाई?"

डॉक्टरांना बोली कळली. त्या उत्तर द्यायच्या आत मी बोललो. कसा बोललो ते मला सांगता येणार नाही. "औषध मी बंद केलं होतं. तिने नाही. पाच दिवस मी ठरवले. बायको देत होती, मी देऊ दिलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, जणू त्यांना ते केव्हाच कळलं होतं. मी विचारलं, "दहा दिवस दिलं असतं तर हे झालं नसतं ना?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"दहा दिवसांचं औषध हृदयासाठी असतं. ते वाचवतं, हे नक्की. किडनीचं तसं नाही. पूर्ण औषध घेतलेल्या मुलांनाही हे कधी कधी होतं. तुमच्यामुळे झालं असेल, नसेलही."

मी तीनदा विचारलं, तीन वेगवेगळ्या तऱ्हेने. त्यांनी तीनदा तेच सांगितलं. त्यांनी मला दोषी ठरवलं असतं, तर मी भांडलो असतो. सोडून दिलं असतं, तर झोपलो असतो. दोन्हीपैकी काही मिळालं नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "माले माहीत व्हतं तू काय सांगं ते. मी मांगेच उभी व्हतू."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तवय घाबरी जायेल व्हता." तिने नातीचा हात धरला. "आनि पाच दिन मीबी कबूल करेल व्हतात ना. नई म्हनायचं व्हतं, तर मी म्हनती."

आई आता आमच्याकडेच राहते. पोर शाळेत जाते, पळते, पापड खाते. दर महिन्याला तिच्या लघवीची बाटली घेऊन मीच लॅबमध्ये जातो. दुसऱ्या कुणाला नेऊ देत नाही. रिपोर्ट आला की फोटो काढून मेहुण्याला पाठवतो, एक शब्दही न लिहिता. तोही एक शब्द न लिहिता अंगठा पाठवतो. मागच्या महिन्यात पेशी आणखी कमी होत्या. अजून आहेत.

ती पालथी झोपते. सकाळी उशीमुळे एका बाजूची पापणी थोडी फुगलेली असते. रोज असते, मला माहीत आहे. तरी मी पलंगाजवळ उभा राहतो आणि ती उतरते का ते बघतो. कधी पाच मिनिटं लागतात, कधी जास्त. मग पांघरूण बाजूला करून तिच्या नडगीवर अंगठा ठेवतो आणि दाबतो.

"पप्पा," काल ती डोळे न उघडता म्हणाली, "रोज काय दाबता हो?"

"काही नाही. ऊठ, शाळेची वेळ झाली."

मी अंगठा उचलला. कातडी जागेवर आली. तरी मी दुसरा पाय बघितला.